एकचपली कुठे गेली

चौकशीच्या आईला रोगांविषयी सगळं काही माहीत होतं, आणि हेच तिचं खरं दुखणं होतं. ती मुलांसाठी पुस्तकं लिहायची. राजाराणीची नव्हेत, खरीखुरी: दात का किडतात, साबण लोकांच्या हाताशी कसा आला, पूर्वी ताप चढला की माणसं काय काय उपाय करायची. बाकीच्या आयांना दाराची कडी म्हणजे कडी दिसते. हिला कडीवर नांदणारी अख्खी वस्ती दिसायची. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण थर्मामीटर हवाच. उवांच्या पुस्तकावर काम चाललं होतं तेव्हा तर तिच्या नवऱ्याने हात टेकले होते. तो म्हणायचा, "लोक लेखकाशी लग्न करतात, त्यांना कविता ऐकायला मिळतात. मला उवांची अंडी कशी असतात ते ऐकायला मिळतं. तेही जेवताना."

'चौकशी' हे काही मुलीचं खरं नाव नव्हे, ते बापाने पाडलेलं. "स्टेशनावर चौकशीची खिडकी असते ना, तशी ही. फरक एवढाच, की तिथे लोक विचारतात आणि खिडकी उत्तर देते. आमच्याकडे खिडकीच विचारत सुटते." मुलगी सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, आणि त्या फटीतून प्रश्न शिट्टीसारखे सुटायचे.

मध्यंतरी चौकशीने काचेच्या बरणीत एक अळी पाळली होती. रोज ताजी पानं, झाकणाला भोकं, सगळी बडदास्त. एका सकाळी आई उठून बघते तर अळी बरणीच्या तळाशी काडीसारखी पडलेली. आईने घाईघाईने बरणी धुतली, पुसली आणि मुलगी उठल्यावर सांगितलं, "अगं, तिचं फुलपाखरू झालं आणि उडून गेलं."

चौकशीने रिकाम्या बरणीकडे पाहिलं. "कोश न करताच?"

आईने खिडकीबाहेर नजर लावली. "काही काही तशीच जातात."

फुलपाखरांवर स्वतः बत्तीस पानांचं पुस्तक लिहिलेल्या बाईने हे उत्तर द्यावं, याची तिला नंतर दिवसभर लाज वाटली. पण सांगायचं काय? ज्या पोरीच्या दुधावरची साय आपण गाळून काढतो, तिच्या कानात 'मेली' हा शब्द कसा घालायचा?

आता ती नवं पुस्तक लिहीत होती. विषय कॉलरा. एक जुनी गल्ली, गल्लीत विहीर, विहिरीशेजारून जाणारं फुटकं गटार, आणि माणसं आजारी का पडतात ते लोकांना कसं कळलं, त्याची हकिगत. कच्च्या प्रतीत तिने दोन वाक्यं लिहिली होती: 'त्या उन्हाळ्यात गल्लीतली पुष्कळ माणसं मेली. त्यांत मुलंही होती.' संपादकबाईंनी त्या दोन वाक्यांखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढली होती. त्या सहसा काही चांगलं म्हणत नसत. रेघ ओढली की आवडलं असं समजून घ्यायचं.

पण मग चौकशीला जुलाब लागले. साधेच, पोरांना लागतात तसे. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजत राहा, बाकी काही नाही. आईला तर पाण्याचं सगळं शास्त्र तोंडपाठ. मीठ किती, साखर किती, चमचा सपाट की शिगोशीग. तरी ती वाटी-चमचा घेऊन पोरीच्या उशाशी बसून राहिली, आणि चमच्याचमच्याला तिला आपलीच दोन वाक्यं ऐकू येत राहिली. पोरगी लवकरच ठणठणीत बरी झाली, पलंगावर उड्या मारत "जुलाब 'लागतात' का म्हणतात, सर्दी 'होते' का म्हणतात" असं विचारू लागली. आई मात्र टेबलाशी गेली आणि तिने ती वाक्यं खोडली. त्यांच्या जागी लिहिलं: 'गल्लीला फार त्रास झाला.'

नवी प्रत वाचून संपादकबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"गल्लीला त्रास झाला?"

"हो."

"कॉलरा आला होता की लांबचा पाहुणा? आला, बसला, चहा पिऊन गेला, गल्लीला जरा त्रास झाला."

"बाई, लहान मुलांचं पुस्तक आहे."

"म्हणून तर विचारतेय. मोठ्यांना काय, काहीही खपतं." मग त्यांनी प्रत मिटली. "मी कशाला बोलू? शनिवारी पाय बोलतील."

त्या प्रकाशनाची ही एक रीत होती. कुठलंही पुस्तक छपाईला जाण्याआधी शनिवारी सकाळी आसपासची पोरं गोळा करायची, चटईवर बसवायची, बिस्किटं द्यायची आणि ज्याने लिहिलं त्याने ते वाचून दाखवायचं. चित्रं दोरीला चिमट्यांनी लावलेली. संपादकबाई मागे बुटक्या स्टुलावर बसायच्या आणि मुलांचे पाय बघायच्या. तोंडं नाही, पाय. "तोंडाला शाळेत शिकवलेलं असतं," त्या म्हणायच्या, "पायाला कोणी शिकवत नाही." पाय वळवळले की त्या ओळीसमोर समासात 'चु' लिहायचा, म्हणजे चुळबूळ. ज्या पानावर 'चु'ची रांग लागली ते पान गेलं. पानंच पानं गेली तर पुस्तक कपाटात. उवांचं पुस्तक तिथेच होतं. त्या वाचनाला दुसऱ्या पानापासूनच सगळी पोरं डोकी खाजवायला लागली होती, पाठोपाठ चित्रकार, आणि शेवटी खुद्द संपादकबाई.

आणि एक नियम होता, कडक. वाचणाऱ्याने लिहिलंय त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही. मुलांनी काही विचारलं तरी नाही. "पुस्तकाबरोबर तू काय घरोघर जाणार आहेस समजावायला?" हा बाईंचा सवाल.

या वाचनाला चौकशीला न्यायचं नाही, हे आईने मनाशी पक्कं केलं होतं. पण सकाळीच नवऱ्याला फोन आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि कुठल्याशा इमारतीत एक वरात, म्हणजे दोन माणसं आणि एक फ्रीज, मजल्यांच्या मध्येच अडकली होती. तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "घेऊन जा की तिला. तिचीच आई वाचणार, तिलाच ऐकायला बंदी?"

"तिला झोप नाही लागायची नंतर."

"तिला की तुला?" असं म्हणून तो जिना उतरला सुद्धा.

प्रकाशनाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. जिन्याच्या कडेने पुस्तकांचे गठ्ठे रचलेले, त्यामुळे माणसाने अंग चोरूनच वर जायचं. आईने चौकशीला बजावलं, "कठड्याला हात लावू नको." चौकशी म्हणाली, "मग पडले तर?" आईने थोडा विचार करून सांगितलं, "एका बोटाने लाव."

वर चित्रकार चित्रं टांगत होता. घर बदलण्याच्या गडबडीत त्याने ती अगदी शेवटच्या घटकेला आणली होती. एका कोपऱ्यातला रंग तर अजून ओलाच होता. आईने दोरीवरून भरभर नजर फिरवली. विहीर, रहाट, बादल्या, भिंतींचा पिवळा रंग कसा उन्हासारखा. "सुरेख झालंय रे," ती म्हणाली. तिचं लक्ष खरं तर चटईकडे होतं: चौकशी नेमकी कुठे बसतेय, आणि तिच्या शेजारच्याचं नाक का वाहतंय.

शेजारचा म्हणजे चष्म्याला मागून दोरी बांधलेला एक मुलगा. पलीकडे टायरवाल्याच्या जुळ्या मुली, ज्या एक वाक्य दोघींत वाटून बोलायच्या. आणखी पाचसहा पोरं. बाई स्टुलावर स्थानापन्न झाल्या, पेन्सिलीला टोक काढलं, आणि वाचन सुरू झालं.

पहिल्याच पानाला पाय गप्प झाले. आईला वाटलं, आपली वाक्यं. वाक्यं नव्हती. चित्रात विहिरीच्या कठड्यावर एक मुलगी पाय हलवत बसली होती आणि तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"दुसरी कुठंय?" दोरीचष्मा म्हणाला.

"विहिरीत पडली," एक जुळी म्हणाली.

"असणार," दुसरीने पुरं केलं.

पुढच्या चित्रात तीच मुलगी बादलीमागे लपलेली, एक पाय अनवाणी. तिसऱ्यात ती दाराआड, आणि चप्पल निघाली कुत्र्याच्या तोंडात. चटईवर एकच हशा उसळला. तोवर तिचं बारसंही होऊन गेलं होतं: एकचपली. आई वाचत होती ते मुलं ऐकत होती, पण डोळे चित्रात एकचपलीला हुडकत होते, आणि हुडकता हुडकता त्यांना गटार दिसलं, गटाराची चीर दिसली, चिरेतून विहिरीकडे झिरपणारी काळी रेघ दिसली. बाईंची पेन्सिल हवेतच राहिली. एकही 'चु' नाही.

मग साथीचं पान आलं. चित्रात घराघरांत अंथरुणं टाकलेली. एका खाटेखाली एकच चप्पल.

"ती आजारी पडली," चौकशी हळूच म्हणाली.

आईने वाचलं, "'लोकांना वाटलं, वाईट हवेमुळे माणसं आजारी पडतात. त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या.'"

"आणि पाणी तेच पीत राहिले का?" दोरीचष्म्याने विचारलं. नियम म्हणजे नियम. आईने प्रश्न तसाच सोडून पुढचं पान वाचलं. 'गल्लीला फार त्रास झाला.' मग एक डॉक्टर घरोघर जाऊन विचारतो, पाणी कुठलं पिता? आणि मग शेवटचं पान. विहिरीला झाकण बसलंय, गटार बुजवलंय, दुसरीकडून चांगलं पाणी आलंय, बायामाणसं घागरी भरताहेत. आईने हसऱ्या आवाजात वाचलं, "'आणि सगळे पुन्हा आनंदाने पाणी भरू लागले.'"

आता टाळ्या व्हायच्या. त्या झाल्या नाहीत. पोरं गुडघ्यांवर उठून चित्रात शोधत होती. कठड्याशी कुत्रा बसला होता. तोंडातली चप्पल त्याने समोर ठेवली होती, परत द्यायला आणल्यासारखी. कठडा रिकामा होता.

"सगळे नाहीत," दोरीचष्मा म्हणाला.

"कुत्र्याने चप्पल आणून दिली..."

"...पण घेणारी कुठंय?"

आईने मान वळवून चित्राकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच. मग चित्रकाराकडे पाहिलं. तो कुजबुजला, "ताई, तुमच्याच वाक्यावरून काढलंय. 'त्यांत मुलंही होती.'"

"ते मी काढून टाकलं."

"मला कोणी सांगितलं?"

आईने संपादकबाईंकडे पाहिलं, बाईंनी आईकडे. प्रत्येकीला वाटलं होतं, नवी प्रत चित्रकाराला दुसरीने पाठवली असेल. शब्दांतून मरण खोडलं गेलं होतं आणि चित्रांतून खोडायचं राहून गेलं होतं. मुलांचं पुस्तक करणाऱ्यांनी नेमकं हे विसरावं, की मुलं आधी चित्र वाचतात.

चटईवर तोवर तर्कांचा बाजार भरला होता. ती मामाकडे गेली असेल. दुसरी चप्पल आणायला गेली असेल. झोपली असेल. आता सगळे पाय वळवळत होते, आणि बाईंनी समासात एकदाच पेन्सिल टेकवली.

"आई," चौकशीने विचारलं, "एकचपली कुठे गेली?"

आईने खिडकीबाहेर नजर लावली.

"ती नाही सांगायची," चौकशीने दोरीचष्म्याला समजावलं, अगदी सहज, घरातली वस्तू कुठे असते ते सांगावं तसं. "आईला माहीत असलं ना, की ती खिडकीबाहेर बघते. माझ्या अळीच्या वेळीपण बघितलं होतं."

खिडकीबाहेर टायरच्या दुकानाचा बोर्ड होता. त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. आईने मान परत फिरवली, आणि तिला एकदम समोरचं दिसलं. पोरगी घाबरलेली नव्हतीच. तिचा चेहरा नुसता कंटाळलेला होता, बंद खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा. अळी गेल्याचं तिला ठाऊक होतं. आई ते कधी बोलणार, तेवढंच तिला ठाऊक नव्हतं.

पुस्तक मिटून आईने मांडीवर ठेवलं.

"एकचपली मेली," ती म्हणाली.

मागे स्टूल करकरलं. नियम मोडला होता. आईने तिकडे पाहिलं नाही.

"ती त्या विहिरीचं पाणी प्यायली. तिला जुलाब लागले, उलट्या झाल्या, आणि अंगातलं सगळं पाणी निघून गेलं. त्या उन्हाळ्यात गल्लीतली पुष्कळ माणसं मेली. त्यांत मुलंही होती."

चटईवरचे पाय थांबले. सगळे. आईला वाटलं, आता रडं फुटेल, आता आया भांडायला येतील, आता पुस्तक उवांच्या शेजारी जाऊन बसेल.

"मग तिला मीठ-साखरेचं पाणी का नाही दिलं?" चौकशीने विचारलं. "मला दिलं होतंस तसं?"

"तेव्हा ते माहीत नव्हतं."

"कोणालाच?"

"जवळजवळ कोणालाच."

"डॉक्टरलापण नाही?"

"नाही."

चौकशी दोरीचष्म्याकडे वळली. "मला माहितीय," ती म्हणाली. "उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर आणि मीठ. मला डॉक्टरपेक्षा जास्त माहितीय."

"तेव्हाच्या डॉक्टरपेक्षा," दोरीचष्म्याने हिशेब नीट केला. "आत्ताच्या नाही."

"दुखलं का तिला?" एका जुळीने विचारलं. दुसरीने या खेपेला वाक्य पुरं केलं नाही.

"हो," आई म्हणाली. "पण तिची आई जवळ होती."

"झाकण तिच्यामुळे बसलं," दोरीचष्मा विचार करत म्हणाला. "म्हणजे ती मेली नसती, बाकीचे मेले नसते, तर त्या डॉक्टरने विचारलंच नसतं, पाणी कुठलं पिता म्हणून. मग आपणपण तेच पाणी प्यायलो असतो."

"मग हे पुस्तकात का नाही लिहिलं?" चौकशीने विचारलं.

"हो, का नाही लिहिलं?" मागून संपादकबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा पुन्हा नाकाच्या शेंड्यावर होता.

"मी घाबरले," आई म्हणाली.

"कोणाला?"

"तुम्हाला." तिने चटईकडे बोट केलं. "तुम्हा सगळ्यांना."

यावर जे हसू फुटलं ते कुत्र्याच्या चपलेलाही फुटलं नव्हतं. एवढी मोठी बाई, पर्सवाली, आणि आपल्याला घाबरते. टायरवाल्याच्या जुळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. दोरीचष्म्याने नाक पुसलं, बाहीलाच, आणि म्हणाला, "आम्ही काही करत नाही, काकू."

वाचन संपलं तरी पोरं हलेनात. बिस्किटांचा पुडा संपला, तरी नाही. बाईंनी आईला टेबलाशी बोलावलं आणि प्रत पुढे सरकवली. समास कोरे होते. फक्त शेवटच्या पानावर, 'सगळे पुन्हा आनंदाने' याच्यासमोर, एकच 'चु' होता, आणि तो जरा दाबून लिहिलेला.

"नियम मोडलास," बाई म्हणाल्या.

"मोडला, बाई."

"त्याची शिक्षा ही, की जे जे बोललीस ते सगळं पानात बसवायचं. 'पण तिची आई जवळ होती' हे सुद्धा. तू काही पुस्तकाबरोबर घरोघर जाणार नाहीस." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि उवांचं पण काढू परत कपाटातून. त्या वाचनाला पाय कोणी बघितलेच नाहीत. सगळ्यांचे हात डोक्यात होते."

चित्रकाराने शेवटचं चित्र दोरीवरून उतरवलं. "चप्पल पुसून टाकू का, ताई? कुत्रा नुसता बसलाय असं दाखवता येईल."

आईने तोंड उघडण्याआधीच चटईवरून एकमुखाने "नको" आलं. दोरीचष्म्याने कारणही दिलं. "चप्पल राहू दे. मग कोणीतरी विचारेल."

परतताना चौकशी जिन्याचा कठडा पंज्याने धरून उतरली, आणि आईला ते खालच्या पायरीवर पोचल्यावर लक्षात आलं. तिने नुसता रुमाल पुढे केला. टायरच्या दुकानासमोर दोघी थांबल्या.

"चौकशी, ती तुझी अळी..."

"मेली," चौकशी म्हणाली.

"तुला माहीत होतं, तर विचारलंस कशाला?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते." तिने हात पुसून रुमाल परत दिला. "आता नवी आणली आणि ती मेली, तर बरणी लगेच धुवायची नाही. आधी मला बघायचंय, का मेली ते."

"बरं."

"आणि एकचपलीसारखंच लिहायचंय तिचं."

"लिहू या."

घरी नवरा आधीच पोचला होता. फ्रीज सुखरूप, माणसंही. सोफ्यावर पाय पसरून तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावणार, एवढ्यात चौकशी चपलांसकट समोर उभी ठाकली.

"बाबा, थांबा. यावर झाकण होतं?"

"नव्हतं बहुतेक."

"पाणी कुठलं?"

"स्वयंपाकघरातलं."

"उकळलेलं?"

नवऱ्याने तांब्या हळूच खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं, हिला घेऊन जा. हे नव्हतं म्हटलं, की हिची दुसरी तू करून आण."

"मी नाही हं केलं," आई म्हणाली. रात्रीच्या झोपेची काळजी करायला तिने सकाळपासून केवढी तरी जागा राखून ठेवली होती; ती आता रिकामीच पडून होती. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी उकळायला ठेवलं, आणि झाकण शोधू लागली. झाकण काही सापडेना. चौकशीने ते अंगणात नेलं होतं, नव्या अळीसाठी पानं गोळा करायला.